कोरडवाहू रानाची माती तपासायची आहे? मग आधी हे वाचा

पहिल्या वर्षी मी तपासायला दिलेली माती आमच्या जुन्या उकिरड्याची निघाली. अहवालात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्या-शेणातला कार्बन) ०.९२ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) 'अत्यंत जास्त'. सांगोल्याकडच्या माळरानाला असा आकडा! मी खुशीत कागद घेऊन तात्यांकडे, म्हणजे माझ्या चुलत्यांकडे, गेले. त्यांनी चष्माही लावला नाही.

"माती कुठनं उचललीस?"

"कडुलिंबाच्या पलीकडनं."

"अगं, तिथं तुझ्या आजाचा उकिरडा होता. किती वर्षं शेण पडलंय तिथं! ह्या कागदावर खत टाकशील तर बाकीचं रान उपाशी मरंल."

पुण्यातली नोकरी सोडून सहा एकर कोरडवाहू रान कसायला घेतलं, त्याला आता पाच वर्षं झाली. या काळात तीनदा माती तपासली. पहिला अहवाल फुकट गेला, दुसरा नीट वाचता आला नाही, तिसऱ्याच्या वेळी कुठे गाडी रुळावर आली. आमच्यासारखे गावाकडे परतलेले किंवा नव्याने रान घेतलेले बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझा अनुभव सोलापूर, माण-खटाव, जत-आटपाडी, बीड, धाराशिव अशा कमी पावसाच्या पट्ट्यातल्या रब्बी रानाचा आहे. कोकणातल्या जांभ्या जमिनीला यातलं बरंच लागू पडणार नाही.

अहवालावरून मातीत काय आहे ते कळतं. पण त्यातलं पिकाच्या तोंडी किती पडणार, हे आपल्या भागात ओल ठरवते. स्फुरद आणि पालाश (पोटॅश) मुळापर्यंत सरकत जातात ते मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून. तो थर सुकला की अन्नद्रव्य जागच्या जागी राहतं. कपाट भरलेलं, पण किल्ली पावसाकडे, असा हा मामला आहे.

१. आधी रान चालून बघा

दख्खनच्या पठारावरची माती बेसाल्ट खडकापासून झालेली. वरच्या माळावर ती वीतभर, खाली मुरूम. उतरणीला मध्यम, आणि ओढ्याकाठी काळी, पुरुषभर खोल. हजारो वर्षांच्या पावसाने बारीक कण वरून धुऊन खाली नेले आणि त्यांच्याबरोबर अन्नद्रव्यंही. म्हणून एकाच गटात दोन-तीन प्रकारची माती असणं ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे. माझ्या सहा एकरांत तीन आहेत: वरची भरड पट्टी, मधली मध्यम, आणि ओढ्याकडची काळी, जिच्यात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

कागदावर रानाचा कच्चा नकाशा काढा. रंग, उतार, खोली किंवा मागचं पीक जिथे बदलतं तिथे रेघ मारा. प्रत्येक भागाचा नमुना वेगळा द्यायचा. सगळं एकत्र करून 'सरासरी' काढलीत तर तो आकडा तुमच्या कुठल्याच पट्टीचा नसेल.

याच वेळी प्रत्येक भागात एक खड्डा घेऊन खोलीही मोजून घ्या. मुरूम किती खाली लागतो? ३० सेंटिमीटरच्या आत लागला तर जमीन हलकी समजायची, ६० पर्यंत मध्यम, त्याखाली गेली तर भारी. प्रयोगशाळा ही गोष्ट सांगत नाही, पण पुढचे सगळे निर्णय हिच्यावर आहेत. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असं साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरते. भरड पट्टीत तेच पाणी चार दिवसांत निघून जातं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या. उकिरडा कुठे होता, गोठा कुठे होता, गाळ कुठे टाकला होता, हे कुठल्याही नकाशात नसतं.

२. वेळ

रब्बीचं पीक निघाल्यावर, एप्रिल-मे महिन्यात नमुना घ्यावा. रान मोकळं असतं, माती कोरडी असते आणि पेरणीपूर्वी अहवाल हातात येतो. खत टाकून दोन-तीन महिने झाले नसतील तर थांबा. ओल्या रानात नमुना घेऊ नका. आणि दर वेळी त्याच महिन्यात घ्या, नाहीतर दोन अहवालांची तुलना करता येत नाही.

३. लागणारं साहित्य आणि कागद

साहित्य घरचंच: खुरपं, टिकाव किंवा कुदळ, प्लॅस्टिकचं घमेलं किंवा बादली, जुनं स्वच्छ धोतर, कापडी पिशव्या, पेन्सिल. गिरमिट मिळालं तर काम लवकर होतं, पण आमच्या मे महिन्यातल्या काळ्या जमिनीत ते शिरत नाही. टिकावच बरा.

दोन गोष्टी सांभाळा. खताची रिकामी गोणी नमुन्यासाठी कधीही वापरू नका, तिच्या तळाला चिकटलेली चिमूटभर भुकटीसुद्धा आकडे फिरवते. आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं (जस्त, लोह, बोरॉन अशी पिकाला अगदी थोडी लागणारी) तपासायची असतील तर गंजकं लोखंड आणि जस्ताचा पत्रा दोन्ही टाळा. खड्डा टिकावाने घ्या, पण शेवटचा काप लाकडी किंवा बांबूच्या पट्टीने काढा.

कागदांत सातबारा, आधार आणि मोबाईल नंबर. पिशवीत आणि पिशवीवर एकेक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर नाव, गाव, गट नंबर, भागाची खूण (वरची पट्टी, मधली, ओढ्याकडची), क्षेत्र, कोरडवाहू की बागायत, मागचं पीक, पुढचं पीक, खोली, तारीख. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई दमटपणाने पसरते.

द्यायचं कुठे? जिल्ह्याची मृदचाचणी प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र. काही साखर कारखान्यांकडेही सोय असते. जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा: सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि चुनखडी तपासता का? उत्तर 'नाही' असेल तर दुसरीकडे जा. आपल्या भागात खरी अडचण बहुधा तिथेच असते.

४. नमुना

एका भागात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणं धरा. बांध, झाडाची सावली, विहिरीचा काठ, पाणी साचतं ती जागा, जनावरं बांधतात ती जागा आणि शेणखताचे ढीग पडलेली जागा सोडा. (उकिरड्याचं मी आता परत सांगत नाही.)

प्रत्येक ठिकाणी वरचा काडीकचरा हाताने बाजूला करा, माती खरवडू नका. इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूचा दोन बोटं जाडीचा काप वरपासून तळापर्यंत सारखा काढा. इथे हमखास चूक होते: वरची मऊ माती जास्त येते, खालची घट्ट कमी. ढेकूळ निघालं तर तेही घ्या, फोडून मिसळा. फळबाग लावायची असेल तर हा वरवरचा नमुना चालत नाही. तिथे निदान तीन फुटांपर्यंत, फूटफूट थराचे वेगळे नमुने लागतात.

सगळी माती धोतरावर ओतून एकजीव करा. गोल पसरा, भाकरीसारखे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. उरलेलं पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. माती सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीशेजारी वाळवलेल्या मातीचे आकडे बदलतात.

५. मृदा आरोग्य पत्रिका मिळाली आहे, मग हा उपद्व्याप कशाला?

मलाही असंच वाटलं होतं. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगड इथे सुरू झाली. पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगेनीज) आणि बोरॉन. काम चांगलं आहे. पण योजना सुरू झाली तेव्हा ठरलेली पद्धत अशी होती की बागायत भागात अडीच हेक्टरांमागे एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांमागे एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आमच्याकडे पंचवीस एकरांत माळही येतो आणि ओढाही. त्यामुळे पत्रिकेवर नाव तुमचं असलं तरी माती शेजाऱ्याच्या शेजाऱ्याची असू शकते. शिवाराचा अंदाज म्हणून पत्रिका जपून ठेवा, खताचा हिशोब मात्र स्वतःच्या नमुन्यावर करा.

६. अहवाल कुठून वाचायला घ्यायचा

सगळे जण नत्र-स्फुरद-पालाशावर झडप घालतात. मी वरून सुरू करते.

सामू. काळ्या जमिनीत ७.५ ते ८.५ नेहमीचा. ८.५ च्या वर गेला तर जमीन चोपण होते आहे का ते बघायचं: पाऊस पडल्यावर साबणासारखी चिकट, वाळल्यावर दगड. अशा वेळी कुणी सांगितलं म्हणून जिप्सम (चोपण सुधारायला टाकतात ते खनिज) ओतू नका, किती लागेल ते प्रयोगशाळेतून काढून घ्या.

क्षारता, म्हणजे मातीतले विरघळणारे क्षार, दर मीटरला १ डेसीसायमनच्या आत असेल तर पुढे चला.

चुनखडी. आपल्या भागाची खरी गोम ही. मुक्त चुना जास्त असला की टाकलेला स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो आणि जस्त-लोहही मुळाला मिळेनासं होतं. भुईमूग, सोयाबीन, लिंबू यांची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, तो हाच प्रकार. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर वाळलेल्या ढेकळावर लिंबू पिळा आणि कान जवळ न्या. ओढ्याकडच्या ढेकळावर मला काहीच ऐकू आलं नाही. मधल्या पट्टीचं ढेकूळ मात्र तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसं चरचरलं, आणि फेस धरला. हा फक्त अंदाज, टक्केवारी प्रयोगशाळाच देईल.

सेंद्रिय कर्ब. आपल्याकडच्या प्रतवारीत ०.२० पर्यंत अत्यंत कमी, ०.४० पर्यंत कमी, ०.६० पर्यंत मध्यम. उन्हाचा कडाका, उघडी पडलेली जमीन आणि रानातून घरी जाणारा कडबा, यामुळे कोरडवाहूत हा आकडा खालीच असतो. माझ्या वरच्या पट्टीचा ०.३१ आहे. चारचौघांत सांगायला लाज वाटते, पण शेजारीही तेवढ्यातच आहेत.

नत्र. हेक्टरी २८० किलोच्या खाली म्हणजे कमी. आपल्या बहुतेक रानांत हेच दिसेल. या आकड्यावर फार विसंबू नका. अनेक प्रयोगशाळा तो सेंद्रिय कर्बावरून काढतात, शिवाय नत्र मातीत स्थिर बसत नाही. कोरड्या मातीवर पहिला चांगला पाऊस पडला की झोपलेले जिवाणू एकदम जागे होतात आणि थोड्या दिवसांत बराच नायट्रेट मोकळा होतो. खरिपात रान पडीक असेल तर तो खाणारं कुणी नसतं. काही पाण्याबरोबर खाली जातो, काही वाहून जातो. उपाय म्हणून खरिपात मूग किंवा ताग घेता येतो, पण फक्त खोल जमिनीत आणि पाऊस वेळेवर असेल तरच, कारण ते पीक ज्वारीच्या वाट्याची ओल पिऊन टाकतं. माझ्या मधल्या पट्टीत एका वर्षी तसंच झालं. मूग बरा आला, ज्वारी मात्र गुडघ्याएवढीच राहिली.

पालाश काळ्या जमिनीत बहुधा पुरेसा असतो, दुकानदार काहीही म्हणोत.

सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि गंधक यांसाठी एवढे आकडे लक्षात ठेवले तरी पुरे: जस्त ०.६, लोह ४.५, बोरॉन ०.५ आणि गंधक १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). याखाली असेल तर कमतरता. कर्नाटकातल्या कोरडवाहू भागात २००९ पासून इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) आणि राज्य शासनाने मिळून केलेल्या कामात हेच पुढे आलं होतं: जस्त, बोरॉन आणि गंधक यांची कमतरता सर्रास, आणि शेतकऱ्यांचा पैसा मात्र युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं जोडखत) यांवर.

७. हेक्टर, एकर आणि गोण्या

अहवाल आणि शिफारशी हेक्टरी असतात, आपण पेरतो एकरात. अडीचने भागायला विसरलात की खत अडीचपट पडलंच. दुसरी गफलत अशी की '४०:२०' म्हणजे ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद, तेवढे किलो खत नव्हे.

मध्यम जमिनीतल्या कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद धरलं, तर एकरी १६ आणि ८ किलो होतात. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणजे ८ किलोसाठी बरोबर ५० किलोची एक गोणी. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे १६ किलोसाठी साधारण ३५ किलो, ४५ च्या गोणीतली पाऊण. हेच डीएपीने करायचं तर साडेसतरा किलो डीएपी आणि अठ्ठावीस किलो युरिया. डीएपी उचलायला हलकं पडतं हे खरं, पण सुपर फॉस्फेटबरोबर ११ टक्के गंधक येतं. माझ्या अहवालात गंधक ७ पीपीएम होतं, म्हणून मी गोणीचं ओझं पत्करते.

अहवालात अन्नद्रव्य 'कमी' असेल तर मात्रा पावपट वाढवायची, 'जास्त' असेल तर पावपट कमी करायची, असा सर्वसाधारण नियम आहे. स्फुरदासाठी मी तो पाळते. नत्रासाठी पाळत नाही, आधी ओल बघते. ती कशी, ते पुढे.

८. पेरणीआधी सळई

पेरणीच्या दोन दिवस आधी, वापसा आल्यावर (माती ओली, पण चिखल नाही अशी झाल्यावर), बोटभर जाडीची टोकदार लोखंडी सळई घेऊन रानात दहा ठिकाणी दाबा. ओल्या काळ्या मातीत ती लोण्यात शिरावी तशी जाते आणि कोरडा थर लागला की अडते. किती खोल गेली ते खूण करून मोजा. ही सळई तात्यांनी दिली, आधी ती गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून होती.

माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे: तीन फूट गेली तर नत्राची पूर्ण मात्रा, दोन फुटांपर्यंत अडली तर पाऊण, आणि फूट-दीड फुटातच थांबली तर निम्मी किंवा त्याहून कमी. कमी ओलीत नत्र जास्त दिलं की ज्वारी सुरुवातीला अंगाने वाढते, असलेलं पाणी लवकर पिऊन टाकते आणि कणीस भरायच्या वेळी उभी वाळते. कडबा मिळतो, दाणे मिळत नाहीत.

ओल साठवायची तयारी मात्र पावसाळ्यातच व्हायला हवी. उताराला आडवी मशागत आणि बंदिस्त (चारी बाजूंनी बांध घातलेले) वाफे करून ठेवले तर पडलेलं पाणी रानातच मुरतं. सोलापूरच्या केंद्रावर कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, तिथे एकदा चक्कर मारून हे वाफे डोळ्यांनी बघून या. वर्णन वाचून बांधलेले माझे पहिल्या वर्षीचे वाफे ऑगस्टच्या एका सरीत फुटले होते.

९. खत ओलीत पडलं पाहिजे

युरिया वरून फेकून मोकळं होण्याचा मोह टाळा. चुनखडीच्या गरम, कोरड्या मातीवर पडलेल्या युरियातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. स्फुरद वरच्या दोन बोटांत पडला तर तिथेच अडकतो, आणि डिसेंबरमध्ये तो थर भुसा झालेला असतो. तिथे जिवंत मूळ उरत नाही. म्हणून दोन चाड्यांची (बी-खत सोडायच्या वाट्यांची) पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार: एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, तेही बियाण्याच्या खाली आणि थोडं बाजूला. बी आणि युरिया एकाच नळीतून सोडले तर उगवण मार खाते. मजूर घाई करतात, तेव्हा पहिल्या दोन तासांत रान उकरून स्वतः बघा.

युरिया आणि सुपर फॉस्फेट आदल्या रात्री मिसळून ठेवू नका. मी ठेवलं होतं. सकाळी गोणीत लापशी होती आणि चाडं दर दहा पावलांना तुंबत होतं. पेरताना बांधावरच मिसळा. झिंक सल्फेटही स्फुरदाच्या खतात कालवू नका, दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात. कमतरता असेल तर हेक्टरी २० ते २५ किलो, म्हणजे एकरी आठ-दहा किलो, शेणखतात मिसळून आधी द्या. दोन-तीन वर्षं पुन्हा लागत नाही. लोहाचं मात्र मातीतून देणं चुनखडीत वायाच जातं. भुईमूग पिवळा पडला तर दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडं लिंबू, अशी फवारणी द्यावी.

१०. कर्ब वाढवायचा तर मेंढरं

सहा एकरांना पुरेल एवढं शेणखत विकत घेणं मला परवडत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात वाटेने जाणाऱ्या धनगरांना गाठून मी वरच्या पट्टीत मेंढरं बसवते. लेंडी आणि मूत जिथल्या तिथे पडतं, वाहतुकीचा खर्च नाही. बोलणी मार्चमध्येच करून ठेवा, नंतर कळप मिळत नाहीत. मेंढरं उठल्यावर लगेच कुळवाची हलकी पाळी द्या, नाहीतर नत्राचा बराच भाग उन्हात उडून जातो. आणि ज्या पट्टीत कळप बसला तिथला मातीचा नमुना त्या वर्षी घेऊ नका.

तुरीच्या ओळीही ठेवा. तिचा पाला गळून रानातच पडतो आणि मूळ खोलवरचं अन्नद्रव्य वर आणतं. वरच्या पट्टीत ज्वारीपेक्षा आता मला तूर-बाजरीच बरी वाटते.

नमुना दिल्यावर उरलेली वाळलेली माती मी टाकत नाही. जुन्या हॉर्लिक्सच्या बरण्यांत भरून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवते. अहवालात काही विचित्र आकडा आला तर तीच माती दुसरीकडे पाठवता येते. उकिरड्याची बरणीही आहे. तिच्यावर तात्यांनी स्वतः चिठ्ठी लिहिली आहे: 'ही सोडून'.